शेवटची वीस मिनिटं

गणपतीच्या आधीचा रविवार साडीच्या दुकानातल्या सेल्समनला सुट्टीचा नसतो, हे अख्ख्या डोंबिवलीला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आमच्या चिरंजीवांना. विजेच्या कडकडाटाने मला पहाटेच जाग आली, तर हे महाशय बाहेरच्या खोलीत टक्क जागे. "बाबा, उठलाच आहात तर एक पिक्चर बघा. गाडीचा आहे, तुम्हाला आवडेल."

तेवीस वर्षं डोंबिवली-दादर करणाऱ्याला रविवारी सकाळी गाडीचा पिक्चर दाखवणं म्हणजे हलवायाला वाढदिवसाला पेढे देणं. पण बाहेर धो धो पाऊस होता आणि हातात चहा. सव्वासहाला बसलो.

'स्नोपिअर्सर', २०१३ सालचा. दिग्दर्शक बाँग जून-हो, म्हणजे पुढे 'पॅरासाइट'साठी ऑस्कर घेऊन गेला तोच कोरियन. पृथ्वी तापली म्हणून शहाण्यांनी आकाशात कसलंसं रसायन फवारलं आणि जग गारेगार होऊन मेलं. वाचलेली माणसं एका गाडीत. गाडी थांबत नाही, वर्षाला पृथ्वीची एक फेरी मारते. शेवटच्या डब्यात गरीब, पुढे श्रीमंत, सगळ्यात पुढे इंजिन आणि त्यात मालक.

अंगावर काटा यावा अशी मुलाची अपेक्षा होती. मला मात्र दहा मिनिटांत शंका यायला लागल्या. त्या गरिबांच्या डब्यात झोपायला फळ्या होत्या. गाडी सुटून सतरा वर्षं झाली, तरी चौथ्या सीटवरून एकही भांडण नाही, आणि दारात लटकलेला एकही माणूस नाही. (बाहेर बर्फ आहे, मान्य. म्हणून काय झालं?) खायला काळ्या चकचकीत वड्या. "बाबा, त्या किड्या-झुरळांच्या असतात," मुलगा म्हणाला. आमच्या हिने तेव्हाच माझ्या डब्यात खजुराच्या वड्या भरल्या होत्या.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. पिवळा कोट घातलेली एक बाई मागच्या डब्यात येते आणि टेप लावून लहान मुलं मोजते. उंची, हात, सगळं. दोघांना उचलून नेते आणि कारण सांगत नाही. कापडातल्या माणसाचं लक्ष टेपवरच जाणार. एवढी मापं घेतली, तर शिवणार काय? मागचे लोक मारामाऱ्या करत इंजिनाच्या दारापर्यंत पोचले, आता कळणार, तेवढ्यात "अहो, आठ वाजले!" एकशे सव्वीस मिनिटांतली शेवटची वीस राहिली.

स्टेशनपर्यंत पोटरीभर पाणी. पँट दुमडलेली, चपला पिशवीत. गणपतीच्या कृपेने मेगाब्लॉक रद्द होता, त्यामुळे अख्खं कल्याण-डोंबिवली दादरला निघालं होतं. पिक्चरमध्ये मोठी लढाई बोगद्याच्या अंधारात होते. आमच्या फास्ट गाड्याही पूर्वी पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. २०२२ साली नवे रूळ पडले, बोगदा बाहेरगावच्या गाड्यांच्या वाट्याला गेला आणि आम्ही मुंब्र्याच्या बाजूला आलो. त्यामुळे आमची लढाई उजेडात झाली. कारण, एक छत्री. रॅकवर टांगलेल्या त्या छत्रीच्या टोकावर थेंब फुगायचा, जरा लोंबायचा आणि नेमका एका टकलावर पडायचा. टकलाचा मालक प्रत्येक थेंबाला वर बघायचा आणि छत्रीचा मालक प्रत्येक वेळी खिडकीबाहेर.

जाळीपलीकडे फर्स्ट क्लास. तिथेही माणसं तशीच उभी, तितकीच ओली, फक्त त्यांचा पास कितीतरी पट महाग. क्रांती करून तिकडे घुसायचं म्हटलं तरी हाताला काय लागणार?

गाडी थांबली की सगळे मेले, हा त्या पिक्चरचा धाक. आमची गाडी कुर्ला-सायनच्या मध्ये पाऊण तास थांबली. मेलं कोणी नाही. एका काकांनी दारातून वाकून पाणी बघितलं आणि निकाल दिला, "रूळ दिसतायत. जाईल."

गेली.

दुकानात पोचलो तर उंबऱ्यापर्यंत पाणी. हिंदमाताचं पाणी साठवायला पालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्यात. आमच्या गल्लीच्या नशिबी फक्त शेठची मोटार, आणि ती बंद. तिचा एक पार्ट गेला होता. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "शेठ, ही कंपनीच बंद पडली. पार्ट येत नाही." शेठने दुकानभर नजर फिरवली. काउंटर आणि उंबऱ्याच्या फटीत मावेल असा एकच जण होता, गेल्याच महिन्यात लागलेला एकोणीस वर्षांचा छोट्या. त्याच्या हातात बादली दिली.

एवढ्या पावसात कोण येणार, असं वाटलं असेल तर तुम्ही गौरीची साडी कधी विकलेली नाही. पहिल्याच मावशी गुडघाभर पाण्यातून आल्या, पदर पिळला आणि बसल्या. ज्येष्ठा-कनिष्ठेला दोन हव्या होत्या. सारख्या नकोत, पण एक उजवी आणि एक डावी दिसायला नको. इरकल झाली, नारायणपेठ झाली, सेमी पैठणीच्या तीस घड्या मोडल्या. गादीवर ढीग माझ्या छातीपर्यंत आला. बाहेर वीज कडाडली, दिवे गेले. अंधारातून मावशींचा आवाज, "यात मोरपिशी येते का?"

मोबाइलच्या उजेडात मोरपिशी दाखवली. उजेडात बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणाल्या आणि दिवे येईपर्यंत पंचवीस मिनिटं बसून राहिल्या. शेवटी घेतली एकच. दुसरीसाठी सुनेला घेऊन येणार होत्या.

साडेतीनला दहा मिनिटं जेवण. मी सगळ्यांना पिक्चरची गोष्ट सांगितली, काळ्या वड्यांसकट, आणि मग डबा उघडला. खजुराच्या वडीला कोणी हात लावला नाही. सगळ्या मला मिळाल्या. छोट्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "काका, थांबलो की पाणी आत येतं." उजव्या हाताने बादली भरून डाव्या हाताने बाहेर, एव्हाना तो तिकडे बघतही नव्हता.

रात्री साडेअकराला घरी. अंग मोडून आलं होतं, पण ती टेपवाली बाई डोक्यातून जाईना. उरलेली वीस मिनिटं लावली. हीसुद्धा येऊन बसली.

तर शिवायचं काहीच नव्हतं. इंजिनाचा एक भाग झिजला होता आणि तो आता कुठेच बनत नव्हता. म्हणून जमिनीखालच्या फटीत मावेल एवढं पोर बसवायचं, आणि त्याने हाताने ते काम करत राहायचं. फळी उचलली तर आत ते पोर, हात चालूच.

पुढे गाडी घसरली, दोन मुलं वाचली, लांबवर बर्फात एक पांढरं अस्वल दिसलं आणि पिक्चर संपला.

"आता ही पोरं जाणार कुठे?" हिने विचारलं.

मी उत्तर देणार, तोच फोन वाजला. दुकानाच्या ग्रुपवर शेठ: 'उद्या नऊला हजर. छोट्याला ताप आहे. बादलीवर कोण?'

मी फोन उशीखाली पालथा घातला.