जुनं किती निघालं?

बी.कॉम.च्या पोरांना जमा-नावे शिकवण्यात माझी हयात गेली. गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आपण घरच्या घरी बदलू शकतो, असं निवृत्तीनंतर मला कशावरून वाटलं याचं उत्तर बायकोजवळही नाही. आणि तिच्याजवळ बहुतेक उत्तरं असतात.

गाडी ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याने क्लचशी असहकार पुकारला तेव्हा सेकंडहँड घेतलेली. आता तिचंही वय झालं. दांडा 'डी'वर टाकला की ती आधी विचार करायची, मग असा हिसका द्यायची की मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं धडाच्या आधी अकोल्याला पोचावं.

अमरावतीतल्या गॅरेजवाल्यांचं या बाबतीत एकमत होतं. "सर, हात नका लावू. जुनं ऑइल काढसान त गेअरच पकडणार नाई." ही भीती अगदीच पोकळ नव्हे. क्लचच्या प्लेटा झिजतात, त्यांची भुकटी तेलात उतरते, तळाशी गाळ बसतो. मशीन लावून जोरात सगळं धुऊन काढलं तर तो गाळ सुटून गिअरबॉक्सच्या बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणून जुन्या गाडीत खालचा बोल्ट उघडायचा, आपसूक निघेल तेवढं तेल काढायचं आणि तितकंच नवं भरायचं. हे सगळं मी वाचलं होतं. फक्त 'तितकंच'वरून नजर घसरली.

वाचन झालं की मला व्याख्यान द्यावं लागतं. वर्ग सुटला, म्हणून बायको. "साध्या गाडीत गिअरचं तेल नुसतं वंगण असतं. आपल्या गाडीत तेच राबतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला की वाऱ्याने दुसराही फिरतो ना? तसंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. फक्त वाऱ्याऐवजी तेल. तेच दाब देऊन क्लच आवळतं, तेच उष्णता वाहून नेतं. आणि गंमत म्हणजे 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यात स्पर्म व्हेलचं तेल घालायचे. देवमासे वाचवायचा कायदा आला तेव्हा कुठे रसायनवाल्यांना दुसरं काही शोधावं लागलं."

"अहो, त्या माशाचं झालं असेल तर गच्चीवरच्या टाकीचा कॉक गळतोय," ती म्हणाली.

कॉक गळत राहिला. मी गाडीखाली शिरलो. जुनं तेल लाल असायला हवं, निघालं तपकिरी, करपट वासाचं. ते घमेल्यात साठत होतं तेवढ्यात शेजारचे भाऊसाहेब कुंपणावरून वाकले. दर्यापूरकडे त्यांचं वावर आहे.

"सर, फेकू नका बरं. खांबाले लावतो. उधई लागत नाई."

दानधर्माची संधी मी सोडत नाही. घमेलं कुंपणापार गेलं. मग पुस्तक उघडलं. गिअरबॉक्सची एकूण क्षमता: साधारण सात लिटर. डिपस्टिकच्या नळीत नरसाळं लावून सात लिटर ओतलं. बोल्ट उघडला तरी निम्मंअधिक तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत तसंच राहतं, हे गिअरबॉक्सला माहीत होतं. मला नव्हतं. काडी बुडवून पाहिली तर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. काडी एक सांगत होती, पुस्तक दुसरं. मी जन्माचा मास्तर. पुस्तकाच्या बाजूने गेलो.

मे महिन्यात अकोल्याला भाचीचं साक्षगंध होतं. बडनेऱ्यापर्यंत गाडी इतकी मऊ चालली की मी बायकोकडे दोनदा पाहिलं. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेवर थोडं बोललो. पुढे ऊन चढलं, तेल तापलं, तापून फुगलं. आधीच जास्त, त्यात फिरत्या चक्रांनी घुसळून त्याचा फेस झाला. फेसात हवा, आणि हवा दबते. त्यामुळे क्लच आवळायला लागणारा दाब राहिला नाही. काटेपूर्णेच्या अलीकडे इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाकं ढिम्म. उरलेलं तेल श्वासनळीतून उतू जाऊन तापल्या सायलेन्सरवर पडलं आणि धुराचा लोट उठला.

हा तोच अमरावती-अकोला रस्ता. 2022च्या जूनमध्ये इथे 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नोंद झाली. अशा विक्रमी रस्त्याच्या कडेला मी बॉनेट उघडून उभा होतो.

मोटरसायकलवरचा एक पोरगा थांबला. "काका, पेटली का?"

"नाही रे, ऑइल बदललंय."

"कोनं?"

"मी."

"मंग त पेटनच."

बायको पैठणी सावरत, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बाभळीखाली बसली होती. धुराकडे पाहून म्हणाली, "देवमासा वर आला वाटतं."

त्याच पोराने बोरगाव मंजूहून मिस्त्री आणला. मिस्त्रीने फेस बसू दिला, काडी ओढली, बोटाने चोळली, वास घेतला आणि एकच प्रश्न विचारला. "सर, जुनं किती निघालं होतं?"

येणारी संपत्ती नावे, जाणारी संपत्ती जमा. हा नियम ज्याला पाठ नव्हता त्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करत असे. आता मी स्वतः हायवेवर उभा होतो आणि जाणारीची नोंदच नव्हती. भाऊसाहेबांना फोन लावला.

"मोजलं त नाई सर. पण सहा खांब झाले."

मी मिस्त्रीला सांगितलं. त्याने गंभीरपणे विचारलं, "खांब केवढाले हायेत?"

मग हिशेब सोडून तो कामाला लागला. इंजिन चालू ठेवलं, ब्रेक दाबून दांडा एकेका खुणेवर सावकाश फिरवायला लावला, आणि काडीच्या नळीतूनच बारीक पाइप व मोठ्या सिरिंजने जास्तीचं तेल ओढत बसला. थोडं काढायचं, पुसून पाहायचं. गरम तेलाची रेघ 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये आली तेव्हा थांबला. आमच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरल्या होत्या.

"अर्धं जुनं अजून आतच हाय," तो हात पुसत म्हणाला. "थोडी चालवा अन् पुन्हा एकडाव बदला. पन जेवढं निघन तेवढंच टाका."

साक्षगंधाला पोचलो तेव्हा पंगत उठत होती. नवऱ्या मुलाच्या मामांची गाडीही ऑटोमॅटिक निघाली, हिसके देणारी. मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन मी त्यांना गरम तेल, काडीच्या खुणा, निघेल तेवढंच भरणं, सगळं नीट समजावून सांगितलं. ते भारावले. "तुमचा यात बराच अभ्यास दिसतो." बायकोला त्याच क्षणी ठसका लागला.

गेल्या आठवड्यात भाऊसाहेबांचा फोन आला. नेमका तिनेच उचलला.

"वहिनी, दोन खांब राह्यले. सर पुन्हा कधी बदलतेत?"

"रविवारी," ती म्हणाली. "येताना लिटरचं माप घेऊन या. आणि तोपर्यंत सरांना कॉककडे पाठवते."