सेल्फ घेते, चालू होत नाही

सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतं, पण गाडी काही चालू होत नाही. या आजाराचं निदान मी पॉलिटेक्निकात वर्षानुवर्षं फळ्यावर करून दाखवलेलं आहे. इंजिनाला लागतं काय? हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. १८७६ साली ऑटोसाहेबांनी चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा पेट्रोलऐवजी गॅस आणि ठिणगीऐवजी ज्योत होती, बाकी यादी तीच. "सेल्फ जोमात फिरतोय ना? मग बॅटरीला दोष देऊ नका. तिघांपैकी गैरहजर कोण ते शोधा," असं मी म्हणायचो आणि वर्ग माना डोलवायचा. वर्गात गाडी नसायची, हा त्यातला मोठा फायदा.

भाच्याच्या साखरपुड्याला ही सकाळीच रिक्षाने पुढे गेली होती. मी मागाहून रेशमी झब्बा घालून, ड्रॉवरमधली जादा किल्ली घेऊन खाली आलो, सेल्फ मारला आणि गाडीने नुसतंच खर्र-खर्र-खर्र केलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यभर शिकवलेला धडा आज पार्किंगमध्ये, प्रेक्षकांसह, करून दाखवायची संधी होती.

पहिली पायरी कानाची. किल्ली अर्धी फिरवून थांबलो. मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण आली. पंप जिवंत. काटा अर्ध्यावर होता, पण काट्यावर विश्वास ठेवू नये हे मीच शिकवलेलं, म्हणून वॉचमनला गाडी हलवायला सांगून मी टाकीला कान लावला. आतलं पेट्रोल डुचमळलेलं ऐकू आलं. झब्ब्याला काय लागलं ते नंतर दिसलं. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर इंजिन हलकं, भर्रकन फिरतं. इथे आवाज भारदस्त होता. म्हणजे तेही नाही. एवढं सगळं मी मोठ्याने बोलत होतो, कारण तोवर गर्दी जमली होती.

तळमजल्यावरच्या काकांनी बॉनेटमध्ये डोकं न घालताच निकाल दिला, "ओव्हर झालंय." काकांकडे एकेकाळी फियाट होती, त्यामुळे जगातली प्रत्येक गाडी ओव्हर होते आणि पंधरा मिनिटांनी बरी होते, असं त्यांचं मत आहे. "अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा नि सेल्फ मारा." यात तथ्य आहे, हे सांगताना मला जड जातंय: इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तसं केलं की सेल्फ फिरेपर्यंत पेट्रोल तोडलं जातं आणि भिजलेले प्लग सुकतात. दाबला. खर्र-खर्र. काकांनी घरून प्लगपाना आणला, तो फियाटचा. आमचे प्लग कॉइलच्या खाली, खोल विहिरीत. पाना तिथवर पोचेना. मग मी ‘कॉइल गेली’ असं जाहीर केलं, कारण काहीतरी जाहीर करणं भागच होतं. दूधवाल्यासकट चौघांनी धक्का मारला. गाडी गेटपर्यंत गेली आणि आडवी थांबली. आता बाकीच्यांच्याही गाड्या अडकल्या.

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याचं गॅरेज आहे. तोंडी परीक्षेत मी त्याला याच प्रश्नावर नापास केलं होतं.

"सर, समोर किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकतोय का?"

लुकलुकत होता. मघापासून.

"किल्ली कुठली घातलीत?"

ती नाक्यावरच्या किल्लीवाल्याने समोर बसून, घासून दिलेली. हुबेहूब. दार उघडते, डिकी उघडते, सेल्फही फिरवते. कंपनीच्या किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीकशी चिप असते. कुलुपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते, ती आपला खुणेचा आकडा सांगते आणि तो पटला तरच इंजिनाचा संगणक पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. माझी किल्ली मुकी होती. गाडीने मला चोर ठरवलं होतं.

"सर, वहिनींना बोलवा. असली किल्ली त्यांच्या पर्समध्ये असेल."

ही साखरपुड्याची ताटं सोडून रिक्षाने परत आली, एक शब्द न बोलता बसली आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

"बघा!" काका सगळ्यांकडे वळून म्हणाले. "ओव्हरच झाली होती. थोडा वेळ द्यावा लागतो."