पेढे न मिळणारे डॉक्टर

चेन्नईत बारा वर्षं काढूनही माझं तमिळ ऑटोवाल्याशी घासाघीस करण्यापुढे गेलेलं नाही. पण एक टोमणा पहिल्याच महिन्यात कळला. आपल्याकडे एखाद्याचं डोकं फिरलंय असं वाटलं की त्याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला धाडतात, इथे किलपॉकला. कंपनी सरकारच्या काळात, 1794 मध्ये सुरू झालेलं मनोरुग्णांचं इस्पितळ 1871 मध्ये किलपॉकला आलं, तेव्हापासून बिचारं किलपॉक बदनाम. तिथल्या जागांचे भाव मात्र ऐकून माणसाला खरोखर किलपॉकला न्यावं लागेल.

माझा एक सांगलीकडचा मित्र इथे मानसोपचारतज्ज्ञ आहे. मध्ये त्याच्याकडे डॉक्टरांच्या समाधानाची प्रश्नावली आली. व्यवसायात समाधानी आहात का, एक ते पाचमध्ये सांगा. हा पेन हातात धरून बसून राहिला. म्हणाला, ‘‘अरे, असले प्रश्न मी पेशंटना रोज विचारतो. ते छताकडे का बघतात, ते आज कळलं.’’

मला विचाराल तर डॉक्टरांचं समाधान पेढ्यांत मोजावं. बाळंतपण झालं, पेढे. मोतीबिंदू काढला, पेढे. इथे पेढ्यांऐवजी मैसूरपाक, एवढाच फरक. मूतखडा काढला तर तो बाटलीत घालून चार पाहुण्यांना दाखवताही येतो. उदासी निघून गेली तर बाटलीत काय ठेवणार? सेंट्रल स्टेशनसमोर, मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात डॉ. रंगाचारींचा पुतळा आहे. ते नामांकित शल्यविशारद. 1934 मध्ये गेले आणि गावाने त्यांना पुतळा करून उभं केलं. शरीर दुरुस्त करणाऱ्याला पुतळा आणि मन दुरुस्त करणाऱ्याच्या पत्त्याची शिवी, असा हा हिशेब.

बरं, हे लोक आहेत तरी किती? आपल्या देशात लाख माणसांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ येतो. उरलेला पाव बहुधा प्रश्नावल्या भरत असावा.

आणि तरीही त्याच किलपॉकला डॉ. सारदा मेनन होत्या. देशातल्या पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ. 1961 पासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते इस्पितळ सांभाळलं. इतक्या वर्षांनी निवृत्त झालेला माणूस निदान त्या वाटेने फिरायला तरी जात नाही. बाईंनी 1984 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी ‘स्कार्फ’ ही संस्था काढली. म्हणजे सुटका झाल्यावर पुन्हा तेच काम, तेही आपणहून. 1992 मध्ये पद्मभूषण मिळालं खरं, पण त्याच्या आशेने कोणी किलपॉकची नोकरी धरत असेल असं वाटत नाही. मग कशाच्या आशेने धरत असेल?

हे कोडं घेऊन मी मित्राबरोबर मैलापूरच्या एका मेसमध्ये जेवायला गेलो होतो. रसम चालू असताना एक गृहस्थ आत आले. बरोबर बायको, दोन मुलं, आणि ऐटीत चालणारी सासूच असावी. त्यांची नजर आमच्या टेबलाकडे वळली आणि लगेच भिंतीवरच्या फळ्यावर गेली. डोशाचे दर ते इतके मन लावून वाचू लागले, जणू परीक्षेला येणार होते. मित्रानेही मान खाली घालून भातात खड्डा करायला घेतला. पलीकडे गृहस्थ मुलाच्या पानातला वडा पळवत होते, मुलगा ओरडत होता, सासूबाई जावयाचीच बाजू घेत होत्या.

‘‘ओळखीचे?’’ मी विचारलं.

‘‘छे! कधी पाहिलेलं नाही,’’ मित्र म्हणाला.

मग त्याने पितळी वाटी-पेल्यातली कॉफी वरून खाली, खालून वर करत फेसाळून सावकाश प्यायली आणि आणखी एक मागवली. रात्री कॉफी घेऊ नका असं तो सगळ्या पेशंटना सांगतो.