खेळायचे नाहीत, तर घेता कशाला?

पत्त्यांना नावं ठेवायची आपल्याला सवय आहे. गणपतीच्या जागरणात पहाटेपर्यंत पत्ते कुटणारे काका, लोकलमध्ये गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून रमीचा डाव मांडणारे पासधारक, तीन पत्तीत अंगठी घालवून आलेले जावई, सगळे आपल्या ओळखीचे. पण आताचं हे प्रकरण ऐकाल तर त्या जावयाचीही कीव येईल. युरोपातले दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे पत्ते जमवणारी एक जमात आहे. ही माणसं लिलावात हात वर करतात, घरी निम्मीच किंमत सांगतात, आणि घेतलेल्या पत्त्यांनी खेळत नाहीत! साधा बदाम सातचाही डाव नाही. कॅटावरचं मूळ वेष्टन शाबूत असेल, वरची कराची पट्टी फाटलेली नसेल, तर ते उघडतसुद्धा नाहीत. आत पत्तेच आहेत कशावरून, असं विचारलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बरं, यांची आवड तरी सरळ असावी? पानाचे कोपरे टोकदार हवेत, गोल दिसले की नाक मुरडतात. कोपऱ्यात आकडा नको, अक्षर नको. राजाला पाय हवेत; वरून-खालून सारखाच दिसणारा दोन डोक्यांचा राजा म्हणजे अलीकडचा माल. आणि पाठ? पाठ चक्क कोरी! पूर्वी युरोपात बहुतेक पत्त्यांची पाठ कोरी असे आणि कागद महाग असे, म्हणून जुनी पानं लोक टिपणांना वापरत. तत्त्वज्ञ रूसोने आयुष्याच्या अखेरीस अशा पानांवर टिपणं केली; त्यातली २७ पानं स्वित्झर्लंडमधल्या नशातेलच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. रोमन साम्राज्याचा इतिहास लिहिणाऱ्या गिबनने तर आपल्या पुस्तकांची यादीच पत्त्यांच्या पाठीवर केली. म्हणजे थोरामोठ्यांनीही पत्ते हातात घेऊन खेळ सोडून भलतंच केलं.

या नादाच्या आद्य गुन्हेगारांत एक बाईसाहेब आहेत, लेडी शार्लट श्रायबर. उमरावाची मुलगी. पहिला नवरा वेल्समधला लोखंडाचा बडा कारखानदार, पदरी दहा मुलं. तो गेल्यावर बाईंनी १८५५ साली लग्न केलं ते मुलाच्या शिकवणीच्या मास्तरांशी, आणि मास्तर त्यांच्याहून बरेच लहान! लंडनच्या दिवाणखान्यांत त्या वर्षी दुसरा विषय निघाला असेल असं मला वाटत नाही. पुढे हे जोडपं युरोपभर हिंडून चिनी मातीची भांडी गोळा करत राहिलं. हा नवराही गेल्यावर बाईंनी भांडी संग्रहालयाला देऊन टाकली आणि पंख्यांकडे व पत्त्यांकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे या वयात जपमाळ हातात घेतात. त्यांनी पत्त्यांवरच्या भल्यामोठ्या सचित्र ग्रंथाचे खंड छापायला घेतले, आणि १८९५ साली डोळे मिटताना पत्ते ब्रिटिश म्युझियमच्या नावे केले. दहा मुलांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, ते कुणी विचारू नये.

पैशांचं ऐकायचंय? क्लॉइस्टर्सचे पत्ते म्हणून एक अख्खा जोड आहे, १४७५-८० च्या सुमाराचा, नेदरलँड्सच्या दक्षिण भागातला. ५२ पानं, लांबट गोल. त्यावर बदाम-चौकट काही नाही. कुत्र्यांचे पट्टे, दोऱ्या, फासे आणि शिंगं, सगळं शिकारीचं सामान. ॲमस्टरडॅमच्या एका व्यापाऱ्याने तो २,८०० डॉलरला घेतला आणि १९८३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तोच १,४३,००० डॉलरला उचलला. मधल्या काळात व्यापाऱ्याने काय केलं? अभ्यास! पत्ते हातात घेऊन अभ्यास करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच ऐकला. आणि पाचशे वर्षं ही पानं टिकली कशी, तर त्यांनी फारसं कुणी खेळलंच नाही म्हणून, असं जाणकार सांगतात. हा रोग चांगलाच जुना दिसतो.

इंग्लंडच्या इस्पिकच्या एक्क्यावर तर ही मंडळी जीव टाकतात. त्या पानावर एवढी नक्षी का असते, माहीत आहे? तिथे पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणजे हा एक्का. एका काळात तो सरकारच छापून देई. पत्ते बनवणाऱ्याने बाकीची ५१ पानं स्वतः छापायची आणि एक्का सरकारातून आणायचा. कर जोडामागे अर्ध्या क्राउनपर्यंत चढल्यावर रिचर्ड हार्डिंग नावाच्या कारागिराने एक्केही घरीच छापले. १८०५ साली त्याला फाशी झाली. एका पत्त्यापायी! हा कर पुढे घटत घटत १९६० साली एकदाचा गेला. हार्डिंगच्या हातचा खोटा एक्का आज कुठे निघाला, तर संग्राहक खऱ्याला ढकलून त्याच्यावरच झडप घालतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

एवढ्यावर भागत नाही म्हणून यांची नजर जुन्या पुस्तकांवरही असते. पूर्वी बांधणीचा पुठ्ठा करताना छापखान्यातले वाया गेलेले पत्त्यांचे ताव एकावर एक चिकटवत. आज पुठ्ठा सुटा केला की आतून राजे आणि गुलाम निघतात. धर्मग्रंथाच्या पोटात पत्ते! पाद्रीबुवांना कळलं असतं तर?

टॅरोवाल्यांबद्दल मी जास्त बोलणार नाही. ती पानंही मुळात इटलीत खेळायलाच निघाली. भविष्याचं खूळ अठराव्या शतकातलं. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याच्या सोनेरी जोडातली ७४ पानं उरली आहेत, तीही न्यूयॉर्क आणि बेर्गामोत विभागलेली. त्यांत सैतानाचं पान नाही. ते हरवलं की मुळातच नव्हतं, यावर विद्वान भांडतात.

आणि आपण अलिप्त आहोत असं समजू नका. रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन गृहस्थ १९३३ मध्ये मुंबईत आले. हुसेन, रझा, सूझा यांच्या पाठीशी उभे राहिलेले कलासमीक्षक म्हणून नाव कमावलं, आणि नाद कसला लागला? गंजिफांचा! गल्लीबोळांतून, राजवाड्यांतून आपलेच पत्ते जमवून त्यांनी युरोपाला आपल्या पत्त्यांची ओळख करून दिली. इकडे सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी गंजिफा बनवण्याची मोडकळीला आलेली कला सावरली. आमच्या शेजाऱ्यांनी परवाच तिथून दशावतारी जोड आणला, १२० गोल पानं, लाखेची चकाकी. सहज विचारलं, खेळतात कसा? तर म्हणाले, ‘‘आधी हात पुसा बघू.’’