डीटीपीच्या दुकानात नवी विंडोज मारण्याची शास्त्रोक्त पद्धत

लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंक यांवर ज्यांचे पोट आहे, अशा डीटीपीवाल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. पायऱ्या क्रमाने पाळल्यास कोणतेही सुरळीत चाललेले दुकान एका दुपारीत बंद पाडता येते. अनुभवाची अट नाही.

पायरी 1 : वेळ साधणे

काम कमी असताना अपग्रेड करू नये. त्याने कोणाचेच अडत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ची मोफत सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली, म्हणजे लक्ष्मीपूजन आठवड्यावर आलेले असताना. जाहिरातींचे शेवटचे बदल घेऊन माणसे दारात उभी असतात, ते हेच दिवस. ज्यांचा हा योग हुकला असेल त्यांनी तुळशीचे लग्न लागेपर्यंत थांबावे. मग लग्नसराई सुरू होते.

पायरी 2 : पात्रता पाहणे

विंडोज 11ला निदान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आपला डबा यात बसत नसेल तर नवा घ्यावा. नवा कॉम्प्युटर चौपट वेगाने चालतो. फक्त त्यावर आपले काही चालत नाही.

याला शास्त्रीय कारण आहे. विंडोज 11 केवळ 64-बिटमध्ये मिळते, आणि 64-बिटच्या विंडोजवर 16-बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसवर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले पतसंस्थेचे कर्जखाते त्यात गेले. नव्वदच्या दशकातले काही प्रोग्रॅम स्वतः 32-बिटचे, पण त्यांचा इन्स्टॉलर 16-बिटचा. म्हणजे माणूस धडधाकट, पण दारातून आत येऊ शकत नाही. डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी डॉसबॉक्स नावाचा उपाय आहे. तो जुने गेम खेळता यावेत म्हणून तयार झालेला असल्याने, त्यात थकबाकीदारांची यादी उघडताना संचालक मंडळाला तेवढे सांगू नये.

पायरी 3 : साफसफाई

जुनाच डबा पात्र ठरला, तरी 32-बिटवरून 64-बिटवर थेट चढता येत नाही. सी ड्राइव्ह पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. त्यासाठी कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलवावे. तो पेन ड्राइव्ह लावतो आणि मान वर न करता विचारतो, “शेठ, सीमध्ये काही ठेवलंय का?”

यावर ठामपणे सांगावे, “नाही रे, आपलं सगळं डीमध्ये असतं.”

उत्तर खरे असते. पत्रिका डीमध्ये, अहवाल डीमध्ये, 2009 सालच्या निवडणुकीची पत्रकेसुद्धा डीमध्ये. फॉन्ट तेवढे सीमध्ये असतात. ते पोरगा विचारत नाही आणि आपणही सांगू नये. तो ‘फॉरमॅट मारतो’ आणि चहा पितो.

पायरी 4 : प्रोग्रॅम परत बसवणे

आता कपाटातून पेजमेकरची सीडी काढावी. नवा कॉम्प्युटर घेतला असेल, तर त्याला सीडी घालायची जागा नसते, हे या टप्प्यावर लक्षात येते. शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून ती पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेजमेकरची 7.0 ही शेवटची मोठी आवृत्ती 2001ची. तिचे वय झाले असले तरी नशीब बरे असल्यास ती बसते. मराठी सॉफ्टवेअरचे तसे नसते. त्याच्यासोबत एक डोंगल आलेले असते, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये घालायचे. तो पोर्ट नव्या कॉम्प्युटरवर सहसा नसतो. बाजारात त्यासाठी यूएसबीची केबल मिळते ती अवश्य विकत घ्यावी; तिच्यावर प्रिंटर चालतो, डोंगल बहुधा चालत नाही. चालले तरी त्याचा ड्रायव्हर 32-बिटचा असतो, आणि 64-बिटची विंडोज तो घेत नाही.

इन्स्टॉलर 16-बिटचा निघाला, तर पडद्यावर नम्र सूचना येते, की हे ॲप आपल्या पीसीवर चालू शकत नाही. योग्य आवृत्तीसाठी सॉफ्टवेअरच्या प्रकाशकाशी संपर्क साधावा. प्रकाशकाच्या कार्यालयाच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचे दुकान असते. तिथे चौकशी करावी. तेही नम्र असतात.

पायरी 5 : थाप मारणे

चिन्हावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी. इथे ‘विंडोज एक्सपी’ निवडता येते. याने कॉम्प्युटर एक्सपीचा होत नाही. प्रोग्रॅमने ‘कोणती विंडोज आहे?’ असे विचारल्यावर त्याला ‘एक्सपी’ असे खोटे उत्तर मिळते आणि आणखी काही बाबतींत जुन्या वागण्याची नक्कल होते. केवळ आवृत्ती पाहून अडणारे प्रोग्रॅम या थापेवर चालू लागतात. ड्रायव्हर आणि 16-बिटचे प्रोग्रॅम मात्र थापेला बधत नाहीत. तरीही एक्सपी, विस्टा, 7 असे सगळे पर्याय एकेक करून पाहावेत. संध्याकाळ चांगली जाते.

पायरी 6 : गिऱ्हाइकासमोर फाइल उघडणे

ही पायरी मुलीचे वडील समोर बसलेले असतानाच करावी. गेल्या वर्षी थोरलीची पत्रिका इथेच झालेली. धाकटीची तशीच हवी, फक्त नावे आणि तारीख बदलायची. फाइल उघडते. गणपती जागेवर असतो, वेलबुट्टी जागेवर असते. फक्त वर ‘श्री’ असायचा तिथे ‘जे’ आणि ‘एच’ ही दोन इंग्रजी अक्षरे असतात आणि ‘विवाह’च्या जागी ‘एफ-ओ-ओ-के-जी’.

मुलीचे वडील चष्मा लावून म्हणतात, “हे फूक्ग काय आहे?”

त्यांना समजावून सांगावे. कृतिदेव 010सारख्या जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी चित्रे बसवलेली असतात. फाइलमध्ये मुळात ‘जे’ आणि ‘एच’च साठवलेले होते, फॉन्ट होता तोवर ते ‘श्री’सारखे दिसत होते. म्हणजे थोरलीच्या पत्रिकेतही, काटेकोरपणे बोलायचे तर, फूक्गच झाला होता. हे ऐकून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते.

पायरी 7 : मागे फिरणे

चालू विंडोजवरच नवी चढवली असेल, तर जुनीकडे परतण्यासाठी साधारणपणे दहा दिवस मिळतात. दहावा उलटल्यावर कावळा शिवला तरी जुनी विंडोज परत येत नाही. पायरी 3 नीट पार पाडलेल्यांना या दहा दिवसांची काळजी नाही. त्यांचे परतीचे दार त्याच दुपारी बंद झालेले असते.

ज्यांना हे सर्व टाळायचे आहे त्यांच्यासाठी

अशा नेभळट वाचकांनी विंडोजला हात लावण्यापूर्वी, रोजची भाकरी कोणत्या प्रोग्रॅमवर चालते त्याची यादी करावी आणि तो प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर आधी चालवून पाहावा. फॉन्टांचा फोल्डर डीमध्येच नव्हे, तर कॉम्प्युटरच्या बाहेर कॉपी करावा. जुना डबा भंगारात न घालता, नेटची वायर काढून, डोंगलसह कोपऱ्यात ठेवावा.

आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये न्यावा. विंडोज 2000पासून देवनागरी युनिकोड विंडोजमध्येच आहे. त्यात ‘श्री’ हा ‘श्री’ म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कोणताही असो. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. ते सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या करतात. रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावे. जिथे तेवढा वेळ नाही, तिथे जुन्या डब्यावरच फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढून ठेवावी. तिच्यात दुरुस्ती करता आली नाही, तरी वाचता येते.

रूपांतर आधी, अपग्रेड नंतर. हा क्रम उलटा केला, तर पायरी 1पासून पुन्हा वाचावे.