हेलिकॉप्टर पेरेंटिंग : वापराचे नियम

हा शब्द उच्चारण्याआधी त्याची कुळकथा पाठ असावी, म्हणजे चारचौघांत वजन पडतं. हाइम गिनॉट या मानसतज्ज्ञाच्या १९६९ सालच्या पुस्तकात एका किशोरवयीन मुलाची तक्रार आहे : आई डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते. १९९० मध्ये फॉस्टर क्लाइन आणि जिम फे यांनी हे नाव सबंध पालकजातीला चिकटवलं. पुढे मोबाइल आले आणि अमेरिकेत कॉलेजातल्या मुलांचे आईबाप मार्कांसाठी थेट प्राध्यापकांना फोन लावू लागले. इतकं सांगून थांबावं. पुढचं सहसा कोणी विचारत नाही.

आता व्याकरण. हा शब्द फक्त तृतीयपुरुषी चालतो. 'बी विंगमधले ते ना, अगदी हेलिकॉप्टर!' हा शुद्ध प्रयोग. प्रथमपुरुषात त्याच क्रियेला 'जरा लक्ष घालणं' म्हणतात. चौथीतल्या मुलीचं 'पाणी वाचवा' मॉडेल बाबा रात्री एक वाजेपर्यंत चिकटवत बसतात आणि मुलगी केव्हाच झोपलेली असते, ते लक्ष घालणं. (२०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल जाऊन पुठ्ठा आला. बाबा तेच.) सकाळी वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाचं अधिक देखणं मॉडेल दिसलं, की ते मात्र निःसंशय हेलिकॉप्टर.

दहावीच्या केंद्राबाहेर पाइप धरून चढणाऱ्या, खिडकीतून कॉपी सरकवणाऱ्या बापाला हा शब्द लावू नये. हेलिकॉप्टर नुसतं घिरट्या घालतं. हा गृहस्थ प्रत्यक्ष मदतकार्य करतो. त्याच्यासाठी भरारी पथक आहे.

आजीसमोर तर अजिबात वापरू नये. वरणभाताची वाटी घेऊन नातवामागे अख्खं पार्किंग पालथं घालणाऱ्या बाईला ही अमेरिकेची नवी विद्या म्हणून सांगायला जाल, तर ती तुमच्या लहानपणापासून सुरुवात करेल. तेही जावईबापूंदेखत.

बारावीनंतर शब्दाला सुट्टी द्यावी. तेव्हा कॅप राउंडचा फॉर्म आई भरते, कॉलेजांचा पसंतीक्रम मामा ठरवतो, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो. 'इंजिनिअरिंग कुणाला करायचंय?' असं कुणी विचारलंच, तर उमेदवाराला हाक मारून उठवावं.