शंभर टक्के खेळाडू

2025 साली दहावीच्या निकालात राज्यभरातल्या 211 लेकरांना शंभर टक्के गुण पडले. त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतली. पुण्याची 13, मुंबईची 8. निकाल वाचून पुण्यातला माझा मित्र फोनवर म्हणाला, "तुमच्याकडच्या पाण्यात आहे तरी काय?" त्याला म्हटलं, आधी पाणी आहे का ते विचार. 2016 साली लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. त्यात काही गुण असलाच तर तो कृष्णेचा. सत्कार सांगलीकरांचा करा.

त्याच निकालात उत्तीर्णांच्या टक्केवारीत लातूर विभाग नऊ विभागांत आठवा होता. ही ओळ चौकातल्या बॅनरवर कुणी छापत नाही. फोटोच एवढे असतात की जागा उरत नाही.

शंभर टक्के पडतात कसे, हे मला दाजींनी समजावून सांगितलं. सहापैकी उत्तम पाच विषय धरायचे, आणि पाचशेला जे कमी पडेल ते खेळाच्या, चित्रकलेच्या नाहीतर लोककलेच्या सवलतीच्या गुणांतून भरून काढायचं. दाजी नांदेडला भाग्यनगरात राहतात. तिथं घराच्या नंबरापेक्षा जवळच्या क्लासचं नाव सांगितलं की ऑटोवाला लवकर पोचवतो. मुलगा नववीत गेला तेव्हाच त्यांनी हिशोब मांडला होता. पुढं लातूरच्या ट्युशन एरियात खोली, मग नीट, मग डॉक्टर. मधे फक्त खेळाडू होणं राहिलं होतं.

"मामा, मी खेळाडू व्हायलोय," भाच्यानं मला सांगितलं.

"वा! कोणता खेळ?"

"ते बाबा चौकशी करायलेत."

चौकशी कसून चालली होती. कबड्डी बाद, कारण कबड्डीत कबड्डी खेळणारी पोरं येतात. खो-खोत पळावं लागतं. शेवटी नाव दोनदा विचारावं लागेल असा एक खेळ सापडला. अख्ख्या तालुक्यात त्याचे दोनच संघ, आणि दुसरा येईलच असं नाही. दाजींना हे मैदान फार आवडलं.

मी जिल्हा परिषदेच्या प्रशालेत शिकलो. आमचे पीटीचे सर भूगोलही शिकवायचे, त्यामुळं शिट्टी वर्गातही वाजायची. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात कबड्डीची चढाई करणारा परत यायचा, चप्पल तिथंच राहायची. बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आम्हाला वर्षाला एक झेंडावंदन जास्त, 17 सप्टेंबरचं. 1948 साली त्या दिवशी निजामाचं राज्य गेलं. त्या कवायतीसाठी आम्ही पंधरा दिवस आधीपासून उन्हात हातपाय हलवायचो. त्याला गुण नव्हते. बुंदी होती, आणि ती पुडीत किती येते यावरून मारामाऱ्या व्हायच्या. म्हणजे आम्ही काही निष्काम कर्मयोगी नव्हतो; आमचा दर तेवढा कमी होता.

दाजींच्या याच नांदेडात, इंटरला नापास झालेले विचारवंत नरहर कुरुंदकर प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले आणि पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. पण दाजींनी त्यांच्याकडं पोरगं पाठवलं नसतं. "माणूस मोठा, पण यांचं बॅनर कुठंय?" असं विचारलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी घात झाला. दुसरा संघ आला. एका प्रशालेची दहा-बारा पोरं टेम्पोतून उतरली, निम्मी अनवाणी. त्यांच्या सरांनी नियम मैदानावरच वाचून दाखवले. ते ऐकायला आमचीही पोरं पुढं सरकली, कारण त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होते. पाऊण तासात आमच्या संघाचं पार पीठ झालं. दाजी पंचांकडं गेले आणि हरल्यावर काही मिळतं का, याची विचारणा करून आले.

भाचा गुडघे फोडून, शर्ट फाडून घरी आला आणि जेवताना एकसारखा बोलत होता. कुणी कसा चकवा दिला, कोण कसा पडला, त्यांचा कॅप्टन डाव्या हाताचा कसा. ताई म्हणाली, एवढं तर हा वर्षभरात बोलला नव्हता.

"त्या पोरांनी रविवारी परत बोलावलंय," तो म्हणाला.

"प्रमाणपत्र देणार आहेत का?" दाजींनी विचारलं.

"नाही. त्यांच्याकडं शेंगा निघायल्यात."

रविवारी क्लासची टेस्ट होती. भाच्याला ताप आला. सकाळी नऊला आला आणि टेम्पो आल्यावर उतरला. दाजी आता लोकनृत्याच्या मागं आहेत. परवा मला फोन करून विचारत होते, "लेझीम दोन्ही हातांनी धरावंच लागतंय का हो?"